श्वानांचे कर्णविकार : घरगुती उपचारांची व्याप्ती आणि मर्यादा

प्रस्तावना :

घरातील कुत्रा वारंवार डोके झटकू लागतो, मागच्या पायाने कान खाजवतो, कानाला हात लावू देत नाही आणि जवळ घेतले असता कानातून आंबूस वास येतो. श्वानपालकांना हे दृश्य नवीन नाही. ब्रिटनमधील प्राथमिक पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेला एक विस्तृत अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१६ या एका वर्षात सुमारे ७.३ टक्के कुत्र्यांना बाह्यकर्णदाह, म्हणजे कानाच्या बाहेरील नलिकेचा दाह झालेला होता. दर चौदा कुत्र्यांमागे साधारणतः एक असे हे प्रमाण होय. जेथे वर्षातील चार महिने हवा दमट असते, तेथे हा विकार दुर्लक्षिण्याजोगा नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे या तक्रारीवर पहिला उपाय बहुधा स्वयंपाकघरात शोधला जातो. कोमट खोबरेल, लसूण घालून कढवलेले तेल, कडुनिंबाचे तेल, हळद, अथवा घरात कोणाच्या तरी दुखण्यातून शिल्लक राहिलेले कानाचे औषध कुत्र्याच्या कानात घातले जाते. यामागील भावना मायेची असते. तान्ह्या बाळाच्या कानात तेल सोडण्याची जी जुनी प्रथा आहे, तिचाच हा विस्तार आहे. बालरोगतज्ज्ञ आता बाळाच्या बाबतीतही तिला विरोध करतात, ही गोष्ट निराळी. श्वानाच्या बाबतीत मात्र या मायेची किंमत अनेकदा त्या मुक्या प्राण्याला आपल्या श्रवणशक्तीने चुकवावी लागते. घरी काय करता येते आणि काय करू नये, या दोहोंमधील सीमारेषा कोठे आहे व ती तेथेच का आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

श्वानाच्या कानाची रचना :

ही सीमारेषा समजण्यासाठी प्रथम कानाची रचना लक्षात घ्यावी लागते. मनुष्याची कर्णनलिका आखूड व बहुतांशी आडवी असते. श्वानाची कर्णनलिका आधी उभी खाली उतरते आणि नंतर काटकोनात वळून आत कर्णपटलाकडे जाते. इंग्रजी ‘एल’ अक्षराप्रमाणे तिचा आकार असतो. कुत्र्याच्या आकारमानानुसार तिची लांबी साधारणपणे ५ ते १० सेंटिमीटर भरते. वरून पाहणाऱ्यास दिसतो तो केवळ उभ्या भागाचा आरंभ. वळणापलीकडचा आडवा भाग आणि त्याच्या टोकाशी असलेला कर्णपटल हे दोन्ही कर्णदर्शक यंत्रावाचून दिसत नाहीत. मळ, पाणी आणि पू हे सर्व गुरुत्वाकर्षणाने याच वळणाशी साचतात.

निरोगी कान स्वतःची सफाई स्वतः करीत असतो. कर्णपटलावरील आणि नलिकेवरील त्वचेच्या पेशी आतून बाहेर सावकाश सरकत राहतात व आपल्याबरोबर मळ बाहेर आणून टाकतात. आडगावच्या विहिरीतून रहाटाने पोहरा वर यावा, तशी ही अखंड व्यवस्था आहे. दाह झाला की नलिकेची त्वचा सुजते, मेणग्रंथी वाढतात, मार्ग अरुंद होतो आणि हे सरकणे मंदावते. साचलेल्या मळात जंतू वाढतात, जंतूंमुळे दाह आणखी वाढतो, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही.

येथेच एक महत्त्वाची बाब नोंदवावयास हवी. कर्णनलिकेचे अस्तर ही त्वचाच होय. कानाचे दुखणे अनेकदा कानाचे नसतेच. ते संपूर्ण त्वचेच्या विकाराचे कानात उमटलेले रूप असते.

कारणमीमांसा :

अमेरिकन पशुवैद्यक जॉन ऑगस्ट यांनी १९८८ साली बाह्यकर्णदाहाच्या कारणांची जी वर्गवारी मांडली, ती पुढे थोड्याफार फरकाने सर्वत्र स्वीकारली गेली. काही कारणे स्वतःच दाह सुरू करतात, त्यांना मूळ कारणे म्हणावे. काही केवळ अनुकूल भूमी तयार करतात, ती पूरक कारणे. काही कारणे अशी की दाह सुरू झाल्यावर ती उद्भवतात आणि मूळ कारण गेल्यानंतरही दाह टिकवून धरतात. पुढील अभ्यासकांनी यांत दुय्यम संसर्गाचा चौथा गट जोडला.

श्वानपालकाच्या दृष्टीने या वर्गवारीचा अर्थ फार व्यावहारिक आहे. कानातून पू येतो, त्यावर जंतुनाशक थेंब घातले, आठवड्याने कान कोरडा झाला आणि दीड महिन्याने पुन्हा वाहू लागला, तर त्याचा अर्थ औषध वाईट होते असा नव्हे. जंतू हे दुय्यम होते, मूळ कारणाला कोणी हात लावला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

मूळ कारणांत सर्वांत मोठा वाटा अधिहर्षतेचा, म्हणजे ॲलर्जीचा आहे. धुळीतील सूक्ष्म कीटक, परागकण, बुरशी यांविषयीची अधिहर्षता बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात प्रथम प्रकट होते, आणि काही कुत्र्यांत कानाची खाज हेच तिचे एकमेव लक्षण असते. अशा कुत्र्याचे पंजे चाटणे, काखेतील व पोटाखालील त्वचा लाल होणे याकडे लक्ष दिल्यास निदानाची दिशा मिळते. आहारातील विशिष्ट प्रथिनांची अधिहर्षताही असू शकते. तिच्यासाठी रक्ततपासणीपेक्षा किमान आठ आठवड्यांचा काटेकोर वर्ज्य-आहार हाच विश्वसनीय मार्ग मानला जातो. या काळात घरातील एखाद्या आजीने मायेने दिलेला दूध-पोळीचा एक तुकडाही सर्व परिश्रम व्यर्थ करू शकतो.

पिल्लांमध्ये व मांजरांच्या सहवासातील कुत्र्यांमध्ये ऑटोडेक्टिस सायनोटिस हा कर्णमाइट आढळतो. कॉफीच्या चोथ्यासारखा काळसर, कोरडा मळ ही त्याची खूण होय. त्याचे जीवनचक्र सुमारे तीन आठवड्यांचे असते व तो एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज जातो. म्हणून घरातील सर्व कुत्र्यामांजरांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. थायरॉइड ग्रंथीची मंदता, नलिकेतील गाठी हीदेखील मूळ कारणे असू शकतात, विशेषतः उतारवयात प्रथमच कान बिघडला असेल तर.

दख्खनच्या पठारावर आणखी एका कारणाची दखल घ्यावी लागते. पावसाळा संपून माळावरचे गवत वाळू लागले की कुसळीची टोकदार कुसळे धोतराला चिकटतात, तशीच ती कुत्र्याच्या केसांना चिकटतात व कानात शिरतात. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकते, मागे येत नाही. माळावर फिरून आल्यावर सकाळपर्यंत ठीक असलेला कुत्रा अचानक एकाच बाजूला मान वाकडी करून किंचाळू लागला, तर प्रथम कुसळाची शंका घ्यावी. ते घरी चिमट्याने ओढण्याचा प्रयत्न करू नये. बहुधा ते वळणापलीकडे गेलेले असते.

पूरक कारणांत कानाची ठेवण येते. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश अभ्यासात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना उभ्या कानांच्या कुत्र्यांपेक्षा हा विकार होण्याची शक्यता सुमारे पावणेदोन पट आढळली. बॅसेट हाउंड, शार पे, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर या जाती त्यात ठळकपणे पुढे आल्या. तथापि ठेवण हे एकमेव कारण नव्हे. तसे असते तर प्रत्येक लोंबत्या कानाचा कुत्रा आजारी पडला असता. याच संदर्भात कान कापण्याच्या प्रथेविषयीही लिहिणे आवश्यक आहे. डॉबरमन वा ग्रेट डेन पिल्लांचे कान कापल्याने कानाचे विकार टळतात, असे विक्रेते सांगतात. कर्णपाळी कापल्याने आतील नलिका जशीच्या तशी राहते आणि ॲलर्जीही तशीच राहते. भारतीय प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये प्राण्याचे अवयव छाटणे ही क्रूरता मानली आहे, याचे भान विकत घेणाऱ्यानेही ठेवावयास हवे.

दुय्यम संसर्गाचे स्वरूप :

कानातील संसर्ग प्रामुख्याने तीन प्रकारच्या सूक्ष्मजीवांमुळे होतो. मॅलॅसेझिया पॅकीडर्मॅटिस ही यीस्ट निरोगी कानातही अल्प प्रमाणात असते. दाह व ओलावा मिळताच ती बेसुमार वाढते आणि तपकिरी, तेलकट, आंबूस वासाचा मळ तयार होतो. या यीस्टच्या नावामागे एक मनोरंजक इतिहास आहे. १९२५ साली वाइडमन यांनी तिचे वर्णन केले ते कुत्र्यावरून नव्हे, तर त्वचाविकार झालेल्या एका भारतीय गेंड्यावरून. ‘जाड कातडीचा’ हा अर्थ तिच्या नावात त्यामुळेच शिल्लक राहिला. दुसरा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस हा गोलाकार जिवाणू. तो स्वतंत्र प्रजाती म्हणून २००५ मध्ये ओळखला गेला. तिसरा स्यूडोमोनास एरुजिनोसा. हा दांड्याच्या आकाराचा जिवाणू सर्वांत त्रासदायक होय. त्याच्यामुळे कानात व्रण पडतात, तीव्र वेदना होतात, हिरवट-पिवळा पातळ पू येतो. तो स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो व अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही.

या तिन्हींवरील औषधे भिन्न आहेत. केवळ रंग व वास यांवरून त्यांतील भेद खात्रीने सांगता येत नाही. अनुभवी पशुवैद्यकालाही तो सांगता येत नाही. कानातील मळ काचपट्टीवर घेऊन, रंजन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ही तपासणी काही मिनिटांची व अल्प खर्चाची आहे. असे असूनही ती पुष्कळदा केली जात नाही, आणि पालकही ती मागत नाहीत. वारंवार अंदाजाने बदललेली प्रतिजैविके हीच पुढे प्रतिकारक्षम स्यूडोमोनासला वाट करून देतात.

घरगुती उपायांचे मूल्यमापन :

कानात काहीही घालण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळणे अनिवार्य आहे : कर्णपटल शाबूत आहे काय? दीर्घकाळच्या दाहात तो फाटलेला असू शकतो, आणि फाटला असल्यास कानात घातलेला द्रव सरळ मध्यकर्णात व तेथून अंतर्कर्णाकडे जातो. निओमायसिन, जेंटामायसिन यांच्या गटातील प्रतिजैविके आणि क्लोरहेक्सिडिनसारखी जंतुनाशके अंतर्कर्णाला विषारी ठरू शकतात; त्यातून बहिरेपणा येतो अथवा तोल जातो. माणसांच्या कानाच्या अनेक औषधांत हेच घटक असतात. शिल्लक बाटलीतील थेंब घालणे म्हणूनच अयोग्य. हा प्रश्न घरी सुटत नाही, कारण वळणापलीकडे पाहण्याचे साधन घरी नसते.

तेलाने संसर्ग बरा होत नाही. ते मळात मिसळून चिकट लगदा करते, ओलावा कोंडते, आणि तपासणीच्या वेळी कर्णपटल दिसू देत नाही. मॅलॅसेझिया ही तर स्निग्ध पदार्थांवर पोसणारी यीस्ट आहे. तिला तेल पुरवणे म्हणजे शत्रूला शिधा देण्यासारखे होय. कच्च्या लसणाच्या रसाने सुजलेल्या त्वचेवर दाह होतो. हळदीची पूड नलिकेत घट्ट गोळा होऊन बसते. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळताना काहीतरी स्वच्छ होत असल्याचा भास होतो, परंतु ते त्वचेला चुरचुरते व मागे पाणी ठेवून जाते. स्पिरिट व व्हिनेगर व्रण असलेल्या कानात असह्य आग करतात. एकदा अशी आग अनुभवलेला कुत्रा पुढे योग्य औषधालाही कान देत नाही, आणि हे नुकसान पुष्कळदा आजारापेक्षा अधिक काळ टिकते. कानात अळ्या पडल्यास टर्पेंटाइनचा बोळा ठेवण्याची पद्धत गुराढोरांच्या जखमांवरून आली आहे. कर्णनलिकेत ती मुळीच वापरू नये व अशा कुत्र्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

आगकाडीला गुंडाळलेला कापूस अथवा कापसाची काडी हेही तितकेच घातक. काडीच्या टोकाला जो मळ लागतो त्याच्या कितीतरी पट मळ ती वळणापलीकडे दाबून बसवते.

गोचीड व माइट यांवर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन परस्पर टोचून घेण्याची पद्धत ग्रामीण तसेच शहरी भागांतही आढळते. कोली व तिच्याशी संबंधित जातींत एका जनुकातील दोषामुळे हे औषध मेंदूत साठते व प्राणघातक ठरू शकते, हे २००१ साली सिद्ध झाले. कर्णमाइटवर सेलॅमेक्टिन तसेच आयसोक्साझोलिन गटातील अधिक सुरक्षित औषधे आता उपलब्ध असताना हा धोका पत्करण्याचे कारण उरत नाही. ती मात्र वजनानुसार व पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. ज्या कुत्र्यास पूर्वी झटके आले असतील त्याविषयी आयसोक्साझोलिन देण्यापूर्वी सांगणे आवश्यक आहे.

घरी करावयाची स्वच्छता :

एवढ्या निषेधानंतर घरी काही करण्यासारखे उरते काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मराठीत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे असा वाक्प्रचार आहे. श्वानाच्या कानाच्या बाबतीत तेल घालावयाचे ते पालकाने आपल्या डोळ्यांत! आठवड्यातून एकदा कर्णपाळी उलटून पाहावी. निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो, त्याला विशेष वास नसतो, आणि फिकट मेणाचा पातळ थर असल्यास तो दोष नव्हे. लाली, सूज, वास, मळाच्या रंगातील बदल यांपैकी काहीही आढळल्यास त्याची तारखेसह नोंद ठेवावी. दरवर्षी एकाच ऋतूत कान बिघडतो की बारमाही, ही नोंद पशुवैद्यकाला ॲलर्जीचा शोध घेताना फार उपयोगी पडते.

स्वच्छता करावयाची ती कर्णपटल शाबूत असल्याची खात्री झाल्यावर, आणि श्वानांसाठी तयार केलेल्या कर्णस्वच्छक द्रवानेच. बाटली थोडा वेळ तळहातात धरून कोमट करावी. गार द्रवाने कुत्रा दचकतो. कर्णपाळी वर व किंचित बाहेर धरली असता नलिकेचे वळण काहीसे सरळ होते. त्या स्थितीत बाटलीचे टोक आत न खुपसता नलिका भरेल इतका द्रव सोडावा आणि कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळावे. आत पचपच असा आवाज आला म्हणजे द्रव वळणापर्यंत पोहोचला असे समजावे. नंतर हात सोडून कुत्र्यास डोके झटकू द्यावे. वळणापलीकडील मळ बाहेर आणण्याचे काम हे झटकणेच करते. वर आलेला मळ कापसाने अथवा मऊ फडक्याने, बोट सहज जाईल तेथपर्यंतच टिपून घ्यावा. शेवटी आवडीचा खाऊ द्यावा. पिल्लू लहान असतानाच ही सवय लावल्यास पुढे कष्ट पडत नाहीत. पिल्लाची कर्णनलिका मुळात जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडते, त्यामुळे त्याआधी कानाशी काही करू नये.

ही स्वच्छता किती वेळा करावी याबाबत अतिउत्साह टाळावा. निरोगी कानास नियमित सफाईची गरज नसते. वारंवार ओली केलेली त्वचा पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी मऊ पडते व संसर्गास सहज बळी पडते. पूर्वी विकार झालेल्या किंवा लोंबत्या कानाच्या कुत्र्यास एक-दोन आठवड्यांतून एकदा आणि पोहल्यानंतर अशी सफाई सर्वसाधारणपणे पुरते. निरोगी कानातील केस उपटण्याची केशकर्तनकारांची रीतही अनावश्यक आहे. उपटलेल्या जागी सूक्ष्म जखमा होतात.

कोकण, मुंबई व गोवा येथील पावसाळ्यात पालकांनी विशेष दक्षता घ्यावी. फिरवून आणल्यावर कर्णपाळीची आतील बाजू कोरड्या फडक्याने टिपावी, आंघोळीच्या वेळी डोक्यावर पाणी न ओतता ओल्या कापडाने डोके पुसावे. कानाच्या कडेला व पाळीच्या घडीत गोचिड्या लपतात, त्याही याच वेळी पाहाव्यात. कुसळीच्या दिवसांत कानाभोवतीचे लांब केस कातरून आखूड ठेवावेत.

पशुवैद्यकाकडे केव्हा न्यावे :

कान दुखत असल्यास, वाहत असल्यास अथवा दुर्गंधी येत असल्यास घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नयेत. तपासणीपूर्वी एक-दोन दिवस कान साफही करू नये, अन्यथा काचपट्टीवर घेण्यास नमुनाच उरत नाही. मान एका बाजूस कलणे, तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे एका लयीत हलणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, तोंड उघडताना वेदना होणे ही मध्यकर्ण वा अंतर्कर्ण बाधित झाल्याची लक्षणे असून त्यांत विलंब चालत नाही. सतत झटकण्याने कर्णपाळीतील रक्तवाहिनी फुटून पाळी उशीसारखी फुगते. ती घरी सुईने टोचू नये; रक्त पुन्हा भरते व बाहेरून जंतू आत जातात.

वेदनेतील कुत्रा मालकालाही चावू शकतो, म्हणून हाताळताना मुसके बांधणे हा क्रूरपणा नव्हे. चावा झालाच तर कुत्रा घरचा आहे म्हणून दुर्लक्ष न करता जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चिकित्सालये आहेत. वारंवार उलटणाऱ्या कानासाठी तेथवर जाण्याचे कष्ट घेणे श्रेयस्कर ठरते. दाह वर्षानुवर्षे टिकला तर नलिकेची त्वचा जाड होऊन मार्ग बुजतो, भोवतीचे कूर्चेचे आवरण हाडासारखे कठीण बनते, आणि अखेरीस संपूर्ण कर्णनलिका शस्त्रक्रियेने काढून टाकण्यावाचून पर्याय राहत नाही. या शस्त्रक्रियेत चेहऱ्याची मज्जातंतू अगदी लगत असल्याने तिला इजा होण्याचा धोका असतो आणि ऐकू येणे बहुतांशी संपते. येथवर पोहोचलेल्या अनेक कानांचा आरंभ एका साध्या, बऱ्या होऊ शकणाऱ्या खाजेतून झालेला असतो.

औषध सुरू झाल्यानंतरची एक चूक सर्वाधिक आढळते. चार-पाच दिवसांत वास जातो, खाज थांबते आणि थेंब घालणे बंद होते. सूज उतरली तरी वळणाशी जंतू शिल्लक असतात. म्हणून ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत, सांगितलेल्या पूर्ण मात्रेत औषध घालावे. मोठ्या कुत्र्याच्या खोल नलिकेत दोन थेंब तळापर्यंत पोहोचतही नाहीत. मुदत संपताच कुत्रा बरा दिसत असला तरी त्याला पुन्हा नेऊन कान आतून पाहून घ्यावा व काचपट्टीची तपासणी करवून घ्यावी. ती स्वच्छ आल्यावरच औषध थांबवावे.